उकळलं की बिघडलं! कँटोनीज ‘बाक छीत गाइ’ घरी कशी करायची?

फिकट पिवळ्या कातडीची, हाडासकट कापलेली कोंबडी. वर मसाला नाही, लाल रस्सा नाही, तळल्याचा तांबूसपणाही नाही. बाजूला लहानशा वाटीत आलं आणि पातीचा कांदा घातलेलं तेल, बस्स. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, स्वयंपाक अर्धवटच राहिला की काय! पण दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात, हाँगकाँगमध्ये आणि मकावमध्ये सणाच्या ताटात मानाचं पान असतं ते याच कोंबडीला.

आपल्याकडे ‘चायनीज’ म्हटलं की मंचुरियन डोळ्यासमोर येतं. चिकन मंचुरियनचा जन्म मात्र चीनमध्ये नाही, मुंबईत झाला. १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग यांनी तो पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. कॉर्नफ्लॉवर, सोया सॉस आणि लसूण-मिरचीच्या त्या चवीपासून ही कोंबडी अगदी दुसऱ्या टोकाला आहे. साहित्य मोजून पाच-सहा, पण करायला अवघड. कारण यात चूक झाकायला मसालाच नसतो.

नावाचा अर्थ काय?

कँटोनीज भाषेत ‘बाक’ म्हणजे पांढरं, ‘छीत’ म्हणजे कापलेलं आणि ‘गाइ’ म्हणजे कोंबडी. (आपल्या गायीशी याचा काही संबंध नाही!) इथे ‘पांढरं’ म्हणजे सोया सॉस किंवा मसाल्याचा रंग न चढवता, नुसत्या पाण्यात शिजवलेलं. ‘कापलेलं’ म्हणजे अख्खी शिजवून, गार करून मग तुकडे केलेलं.

अशा साध्या शिजवलेल्या कोंबडीची चीनमधली परंपरा जुनी आहे. युआन मेइ या कवी आणि खवय्याचं पाककलेवरचं पुस्तक १७९२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही काप केलेल्या ‘पांढऱ्या’ कोंबडीचा उल्लेख आहे.

सणात हिला एवढं महत्त्व का?

कोंबडीशिवाय मेजवानी होत नाही, असं कँटोनीज लोक म्हणतात. चांद्र नववर्षाला अख्खी कोंबडी, डोकं आणि शेपटासकट शिजवून आधी देवापुढे आणि पूर्वजांपुढे ठेवतात. मग तुकडे करून घरातले सगळे खातात. डोकं आणि शेपूट दोन्ही असणं म्हणजे कामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही नीट होणं, असा त्यामागचा समज आहे. म्हणून ताटात तुकडे मांडतानाही अख्ख्या कोंबडीचा आकार दिसेल असे मांडतात.

ही कोंबडी चांगली झाली की नाही, हे ठरवण्याची कँटोनीज कसोटी एका वाक्यात सांगता येते: कोंबडीला कोंबडीची चव हवी. ऐकायला हे अगदीच सरळ वाटतं. पण रोजच्या जेवणात आपण बहुतेक वेळा मसाल्याची चव घेत असतो, मांसाची नाही. इथे मांस मऊ आणि रसाळ हवं, कातडी ताणलेली हवी, आणि दोन्हींच्या मध्ये पारदर्शक जेलीचा पातळ थर हवा.

उकळत्या पाण्यात शिजवली तर काय बिघडतं?

सगळा खेळ तापमानाचा आहे. मांसातली प्रथिनं साधारण ५० अंश सेल्सिअसपासून आकसायला लागतात. ६५ ते ७० अंशांच्या पुढे हे आकसणं वाढतं आणि तंतूंमधलं पाणी पिळल्यासारखं बाहेर पडतं. छातीच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे पाणी गेलं की ते चोथ्यासारखं लागतं.

आता खळखळ उकळणाऱ्या पाण्याचा विचार करा. पाणी १०० अंशांवर असतं आणि उष्णता बाहेरून आत जाते. मांडीच्या आतल्या भागापर्यंत ती पोहोचेस्तोवर बाहेरचं मांस ९० अंशांच्याही पुढे गेलेलं असतं. शिवाय उकळीच्या धक्क्यांनी कातडी फाटते.

पाणी ८० ते ८५ अंशांवर ठेवलं, तर बाहेरचं मांस त्यापुढे जाऊच शकत नाही. शिजायला वेळ लागतो, पण आत-बाहेर फारसा फरक राहत नाही. म्हणून ही कोंबडी ‘उकडायची’ नाही, गरम पाण्यात मुरवायची. पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. एखाद-दुसरा बुडबुडा आला तर चालेल, पण खळखळ नको.

कोंबडी कोणती घ्यायची?

ग्वांगडाँगमध्ये यासाठी पिवळी चोच, पिवळे पाय आणि पिवळसर पिसं असलेल्या ‘तीन-पिवळ्या’ जातीच्या कोंबड्या प्रसिद्ध आहेत. ज्या मादीने अजून अंडी घालायला सुरुवात केलेली नाही, तिला तिथे विशेष मागणी असते. कँटोनीजमध्ये अशा कोंबडीला वेगळा शब्द आहे, आणि मराठीतही आहे: तलंग. तलंगेचं मांस कोवळं असतं, पण ब्रॉयलरसारखं बेचव नसतं.

ताजेपणाबद्दल कँटोनीज लोक फार काटेकोर. बाजारातून जिवंत कोंबडी निवडून आणायची ही हाँगकाँगची जुनी रीत. १९९७ मध्ये तिथे बर्ड फ्लूची १८ जणांना लागण झाली, त्यातल्या ६ जणांचा मृत्यू झाला आणि दहा लाखांहून जास्त कोंबड्या माराव्या लागल्या. त्यानंतर जिवंत कोंबड्यांच्या विक्रीवर निर्बंध वाढत गेले. गोठवलेली कोंबडी मात्र या पदार्थासाठी आजही चालत नाही, असं बहुतेक स्वयंपाकी मानतात. गोठवताना मांसात बर्फाचे स्फटिक होतात, ते तंतू फाडतात आणि बर्फ वितळताना रस वाहून जातो.

महाराष्ट्रात ही कोंबडी करायची तर पहिली अडचण दुकानातच येते. आपल्याकडचे चिकनवाले न विचारता कातडी काढतात आणि तुकडे करतात. त्यामुळे आधीच सांगावं लागतं: ‘अख्खी द्या, कातडी ठेवा, फक्त पिसं आणि आतडी काढा.’ कातडीशिवाय हा पदार्थ होत नाही, कारण जेली तयार होते ती कातडीतल्या कोलॅजेनपासून.

साफ केल्यावर १.३ ते १.४ किलो भरेल अशी कोंबडी घ्या. जिवंत वजन पावणेदोन ते दोन किलो असेल तर साधारण एवढी भरते. कोवळी गावरान तलंग मिळाली तर उत्तमच. जून गावरान कोंबडी मात्र नको, तिला रस्सा आणि तासभराची आंचच हवी. काहीच नाही तर ताजी ब्रॉयलर चालेल, ती मऊ होते, फक्त चव थोडी फिकी लागते.

पातेलं मोठंच का हवं?

घरी ही कोंबडी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लहान पातेलं. १.४ किलोची, २० अंशांवरची कोंबडी ६ लिटर उकळत्या पाण्यात टाकली आणि सगळं एकाच तापमानाला आलं असं धरलं, तर ते तापमान सुमारे ८७ अंश येतं. तेच पाणी ३ लिटर असेल तर ७८ अंशांच्या आसपास. कोंबडी थेट फ्रीजमधून काढलेली असेल तर ३ लिटरमध्ये जेमतेम ७४. आणि हे झालं भांड्यातून काहीच उष्णता बाहेर गेली नाही असं मानून. प्रत्यक्षात ती जातेच.

म्हणजे लहान पातेल्यात गॅस बंद करून झाकण ठेवलं, तर कोंबडी कितीही वेळ ठेवा, आतून कच्ची राहण्याची शक्यता मोठी. म्हणून पाणी भरपूर घ्या, कोंबडी पूर्ण बुडाली पाहिजे. आणि शिजवण्याआधी अर्धा तास ती फ्रीजबाहेर काढून ठेवा. त्याहून जास्त वेळ नको.

साहित्य

- कातडीसकट अख्खी कोंबडी, १.३ ते १.४ किलो
- पाणी, ६ लिटर
- आल्याचे ५-६ जाड काप, ठेचून
- पातीचे कांदे, ३-४
- मीठ, २ मोठे चमचे
- गार करण्यासाठी मोठं पातेलंभर पिण्याचं पाणी आणि भरपूर बर्फ
- वरून लावायला थोडं तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल

कृती

१. पोटाच्या आत राहिलेले अवयव आणि शेपटाजवळची जास्तीची चरबी काढा. कोंबडी नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. कागदी रुमालाने आत-बाहेर टिपून घ्या.

२. पाण्यात आलं, पात आणि मीठ घालून खळखळून उकळी आणा.

३. कोंबडी मानेकडून किंवा जाड दोऱ्याने धरून उकळत्या पाण्यात सोडा, १०-१५ सेकंदांनी वर उचला आणि पोटातलं पाणी पातेल्यात निथळू द्या. असं तीनदा करा. ही केवळ रीत नाही. पहिल्या बुडीत पोटात शिरलेलं पाणी लगेच गार होतं. ते काढून टाकलं नाही, तर कोंबडी बाहेरून शिजते आणि आतून मागे राहते. शिवाय कातडी एकसारखी आवळते आणि फाटत नाही.

४. आता कोंबडी छातीची बाजू खाली करून पूर्ण बुडवा. पाणी पुन्हा तापून तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले की आंच अगदी मंद करा. झाकण ठेवा.

५. ३० मिनिटं तशीच ठेवा. मध्ये एकदा हलक्या हाताने उलटा. पाणी उकळायला लागलं तर कपभर गार पाणी घाला.

६. गॅस बंद करून झाकण न काढता आणखी १५ मिनिटं ठेवा.

७. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. ७४ अंश दिसलं पाहिजे. कमी असेल तर पातेलं पुन्हा मंद आंचेवर ठेवून दर पाच मिनिटांनी बघा.

८. कोंबडी अलगद काढा, पोटातलं पाणी निथळा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात पूर्ण बुडवा. १५ मिनिटं ठेवा.

९. काढून टिपून घ्या. कातडीला तेलाचा हात फिरवा आणि मगच कापा.

बर्फाच्या पाण्यात कशासाठी?

दोन कारणांसाठी. एक म्हणजे आतली उष्णता मांसाला शिजवतच राहते, ती तिथेच थांबते. दुसरं, शिजताना कातडीतल्या कोलॅजेनचं जिलेटिन झालेलं असतं. गार होताना ते घट्ट होतं आणि कातडीखाली जेलीचा थर तयार होतो. पाया सूप फ्रीजमध्ये ठेवलं की थिजतं, त्यामागे हेच जिलेटिन असतं. त्याबरोबर कातडीही आवळून ताठ होते.

इथे एक काळजी घ्यायलाच हवी. या पाण्यातून काढलेली कोंबडी पुन्हा गरम होत नाही. त्यामुळे पाणी आणि बर्फ दोन्ही पिण्याजोग्या पाण्याचे हवेत. मच्छीबाजारात किंवा गाडीवर मिळणारा लादीचा बर्फ नको. आदल्या दिवशी घरच्या गाळलेल्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ करून ठेवा.

आलं-पातीचं तेल

या वाटीशिवाय ताट पूर्ण होत नाही. ५० ग्रॅम आलं बारीक किसून घ्या आणि हलकं पिळा. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि थोडी हिरवी पात बारीक चिरून तितकीच घ्या. दोन्ही एका खोल, उष्णता सोसणाऱ्या वाडग्यात घालून चमचाभर मीठ मिसळा. १०० मिली शेंगदाण्याचं तेल धूर निघायच्या बेतात येईपर्यंत तापवा आणि जपून, थोडं थोडं करत वरून ओता. चर्रर्र आवाज आला पाहिजे. आपण वरणावर वरून फोडणी देतो तसंच हे, फक्त खाली वरणाऐवजी कच्चं आलं आणि पात.

शेंगदाण्याचं तेल इथे तडजोड म्हणून नाही. ग्वांगडाँगच्या स्वयंपाकात ते पूर्वीपासून वापरलं जातं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरात या पदार्थासाठी तेल वेगळं आणावं लागत नाही.

हाडाजवळचं लाल: कच्चं की शिजलेलं?

या पदार्थाबद्दल सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो. अनेक कँटोनीज खवय्यांच्या मते मांस नुकतंच शिजलेलं आणि हाडातला मगज लालसर असेल, तरच कोंबडी नेमकी जमली. आपल्याकडे तसं हाड दिसलं तर ताट परत जाईल.

खरं म्हणजे नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही. कोवळ्या कोंबडीची हाडं पूर्ण टणक झालेली नसतात. शिजताना त्यातला मगज झिरपतो आणि आजूबाजूचं मांस लालसर दिसतं, ते पूर्ण शिजलेलं असलं तरी. उलट बाजूने, वरून पांढरं दिसणारं मांसही आत पुरेसं तापलेलं नसू शकतं.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. ते मारायला पुरेशी उष्णताच लागते, आलं-मिठाने ते मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांवर शिजवायला सांगते. अमेरिकेत कोंबडीसाठी ७४ अंशांचा नियम आहे. घरी ७४ अंश गाठावेत हे उत्तम. एवढ्यावर थांबलेली कोंबडी रसाळच राहते, कोरडी होते ती त्याच्या बरीच पुढे गेल्यावर. अन्नाचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि या पदार्थात त्याच्याइतका उपयोगी मसाला दुसरा नाही.

थर्मामीटर नसेल तर मंद आंचेवरचा वेळ १० मिनिटांनी वाढवा. नंतर मांडी आणि धड जिथे जुळतात तिथे सुरीने चीर देऊन बघा. मांस काचेसारखं चकचकीत, चिवट दिसलं तर ते कच्चं आहे, पुन्हा पाण्यात सोडा. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा आजारी कुणी जेवणार असेल तर अंदाजावर जाऊच नका.

कापायची आणि वाढायची कशी?

कँटोनीज दुकानांत जड सुऱ्याने एका घावात हाडासकट दोन बोटं रुंद तुकडे पाडतात. घरी तसा सुरा नसेल तर हाडं फोडायच्या भानगडीत पडू नका. पाय आणि पंख सांध्यावर कापा, छातीचं मांस हाडावरून सोडवून आडवे काप करा. प्रत्येक तुकड्यावर कातडी राहील एवढं बघा.

ही कोंबडी गरम वाढत नाहीत, खोलीच्या तापमानालाच खातात. मात्र आपल्या उन्हाळ्यात ती ओट्यावर पडून राहू नये. दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

उरलेल्या पाण्याचं काय?

टाकू नका. मान, पाठ आणि छातीचा सांगाडा त्यात परत घालून तासभर उकळा, गाळा. याच पाण्यात भात शिजवता येतो किंवा दुधी-भोपळा घालून सूप करता येतं. कच्ची कोंबडी यात शिजलेली असल्यामुळे वापरण्याआधी चांगली उकळी मात्र आलीच पाहिजे.

नेहमीच्या चुका

- मांस चोथ्यासारखं झालं: पाणी उकळत राहिलं.
- कातडी फाटली: आंच मोठी होती किंवा तीन बुड्या न देता कोंबडी थेट टाकली.
- जेली दिसत नाही: बर्फ कमी पडला किंवा गार व्हायच्या आत कापली.
- कोंबडी अळणी लागते: मीठ पाण्यात कमी पडलं. वाटीतलं तेल खारट असतं, त्यात बुडवून खाल्ल्यावर मगच ठरवा.
- मांडी कच्ची, छाती ठीक: पातेलं लहान होतं किंवा कोंबडी फ्रीजमधून थेट पाण्यात गेली.

हिचे भाईबंद

सिंगापूर आणि मलेशियात मिळणारा हैनानी चिकन राइस हा याच कुटुंबातला. हैनान बेट १९८८ पर्यंत ग्वांगडाँग प्रांताचाच भाग होतं. तिथून आग्नेय आशियात गेलेल्या लोकांनी आपल्या वेनचांग कोंबडीची पद्धत सोबत नेली. कोंबडीच्या चरबीत परतलेला आणि तिच्याच पाण्यात शिजवलेला भात ही त्याची खासियत. थायलंडमध्ये तोच ‘खाव मन गाइ’ झाला. थाई भाषेतही कोंबडीचा शब्द कँटोनीजसारखाच ऐकू येतो. शांघायमध्ये अशीच कोंबडी सोया सॉसच्या चटणीबरोबर खातात. सिचुआनमध्ये तिच्यावर लाल मिरचीचं तेल ओततात, आणि त्या पदार्थाच्या नावाचा अर्थच आहे ‘लाळ कोंबडी’, म्हणजे तोंडाला पाणी सुटेल अशी.

झणझणीत आवडणाऱ्यांनी सुरुवात सिचुआनपासून केली तरी हरकत नाही. कोंबडी शिजवायची पद्धत दोन्हीकडे एकाच धर्तीची आहे. एकदा ती हातात बसली की पहिला तुकडा मात्र कशातही न बुडवता, नुसता खाऊन बघा. ‘कोंबडीला कोंबडीची चव’ म्हणजे काय, ते त्या एका घासात कळतं.